व्हॅस्क्युलायटिसच्या क्लिनिकल ट्रायल्स: शोधायच्या कशा, आत जायचं कसं

२०१० ते २०१६ या काळात १६ देशांतले ७०४ रुग्ण पेक्झिव्हास नावाच्या ट्रायलमध्ये सामील झाले. सगळ्यांना अँका व्हॅस्क्युलायटिस होता (व्हॅस्क्युलायटिस म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह; अँका म्हणजे त्यामागची रक्तातली प्रतिपिंडं) आणि आजार मूत्रपिंडापर्यंत किंवा फुप्फुसापर्यंत पोचलेला होता. डॉक्टरांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या. प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रवभाग काढून दुसरा भरणं) केल्याने मृत्यू किंवा कायमचं डायलिसिस टळतं का? आणि स्टेरॉइड नेहमीपेक्षा लवकर उतरवलं तर चालतं का? २०२० साली निष्कर्ष छापून आले. प्लाझ्मा एक्स्चेंजने अपेक्षित फायदा झाला नव्हता. पण पहिल्या सहा महिन्यांत नेहमीच्या ६० टक्क्यांहूनही कमी स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू किंवा किडनी निकामी होण्याचं प्रमाण वाढलं नाही, आणि पहिल्या वर्षातले गंभीर जंतुसंसर्ग कमी झाले. ज्यांनी ६० मिलिग्रॅम स्टेरॉइडवर महिने काढलेत, त्यांना या ओळीचं मोल वेगळं सांगायला नको.

ट्रायल म्हणजे काय, हे या उदाहरणातून नेमकं कळतं. ट्रायल एका प्रश्नाचं उत्तर शोधत असते. तुम्हाला बरं करणं हा तिचा पहिला हेतू नसतो. तुमची नीट काळजी घेणं मात्र तिच्यावर बंधनकारक असतं. हा फरक मनात पक्का ठेवून जो आत जातो, त्याची फसगत होत नाही आणि अपेक्षाभंगही होत नाही. पुढचं सगळं त्यासाठीच्या तयारीबद्दल आहे.

सगळ्यात आधी: उपचार थांबवू नका

ही सूचना मी मुद्दाम सुरुवातीलाच देतो. व्हॅस्क्युलायटिसचे काही प्रकार काही आठवड्यांत किडनी निकामी करतात. जायंट सेल आर्टेरायटिसमध्ये डोळ्याची नजर एका दिवसात जाऊ शकते आणि गेलेली बहुधा परत येत नाही. लघवीत रक्त, खोकल्यातून रक्त, अचानक अंधुक दिसणं, हाता-पायाची बोटं काळी पडणं, मनगट किंवा पाऊल एकदम लुळं पडणं, यांपैकी काही दिसत असेल तर ट्रायल शोधत बसू नका. डॉक्टर सांगतील तो उपचार आजच सुरू करा. ‘आधी औषध घेतलं तर ट्रायलमध्ये घेणार नाहीत’ असं कुणी सांगितलं म्हणून चार आठवडे थांबलेल्या माणसाचं नुकसान कुठलीच ट्रायल भरून देत नाही. आणि बहुतेक ट्रायल्समध्ये थोडे दिवस स्टेरॉइड घेतलेलं चालतंच.

आजाराचं पूर्ण नाव

व्हॅस्क्युलायटिस हे एका मोठ्या गोतावळ्याचं नाव आहे. मोठ्या रक्तवाहिन्यांत टाकायासू आणि जायंट सेल आर्टेरायटिस. मध्यम वाहिन्यांत पॉलीआर्टेरायटिस नोडोसा आणि लहान मुलांचा कावासाकी. छोट्या वाहिन्यांत अँका गटातले जीपीए (ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलीअँजिआयटिस), एमपीए (मायक्रोस्कोपिक पॉलीअँजिआयटिस), ईजीपीए (इओसिनोफिलिक जीपीए), शिवाय आयजीए व्हॅस्क्युलायटिस. आणि सगळीकडे हिंडणारा बेहचेट. ट्रायल यांपैकी एखाद्या किंवा दोन प्रकारांसाठी असते. तुमच्या कागदावर नुसतं ‘व्हॅस्क्युलायटिस’ लिहिलं असेल तर शोध तिथेच अडतो.

म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा: माझा नेमका प्रकार कोणता, आणि तो कशावरून ठरवला? अँका असेल तर पीआर३ की एमपीओ (अँकाचे दोन प्रकार)? टाकायासू असेल तर कोणकोणत्या धमन्या अरुंद झाल्यात? हल्लीच्या ट्रायल्स बरेचदा २०२२ चे एसीआर-युलार (अमेरिकन आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांचे) निकष मागतात. त्यात टाकायासूसाठी निदानाच्या वेळी वय ६० किंवा त्याहून कमी हवं आणि महाधमनी किंवा तिच्या शाखांतला दाह स्कॅनवर दिसायला हवा. जुन्या, १९९० च्या निकषांत सहांपैकी एक मुद्दा वयाच्या ४० किंवा त्याआधी आजार सुरू होण्याचा होता. ४३ व्या वर्षी निदान झालेल्या बाईला एका ट्रायलचं दार बंद आणि दुसरीचं उघडं, असं यामुळे होऊ शकतं.

जुनी नावंही लिहून ठेवा. जीपीएला पूर्वी वेगनर म्हणत, ईजीपीएला चर्ग-स्ट्रॉस, आयजीए व्हॅस्क्युलायटिसला हेनॉक-शॉनलाइन. जुन्या नोंदी अजून त्या नावांखाली सापडतात.

फाइल: अर्धी लढाई इथेच

ट्रायलचा समन्वयक फोनवर जे दहा प्रश्न विचारतो त्यांतल्या आठांची उत्तरं तुमच्या फाइलमध्ये असायला हवीत. आपल्याकडे कागद पिशवीत असतात, तारखांचा मेळ नसतो आणि महत्त्वाची सीडी गावाकडच्या कपाटात. एक रविवार यासाठी काढा.

एका पानावर तारीखवार लिहा: पहिली लक्षणं कधी, निदान कधी, कुठल्या तपासणीवर, आजार किती वेळा उसळला, प्रत्येक वेळी काय दिलं. मग औषधांचं वेगळं पान करा. तिथे ब्रँडच्या शेजारी औषधाचं मूळ नाव हवं. वायसोलोन आणि ओम्नाकॉर्टिल म्हणजे प्रेडनिसोलोन. मेड्रोल म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन. त्याचे ४ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमच्या बरोबरीचे. डिफ्लाझाकोर्टचे ६ मिलिग्रॅमही तेवढेच. हे रूपांतर महत्त्वाचं, कारण ट्रायलची अट प्रेडनिसोलोनच्या भाषेत लिहिलेली असते: रोज अमुक मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, किंवा शेवटचे चार आठवडे डोस स्थिर हवा.

तीन आकडे हमखास विचारले जातात आणि हमखास आठवत नाहीत. रिटुक्सिमॅबचा शेवटचा डोस कोणत्या तारखेला झाला (त्याचा परिणाम महिनोन् महिने टिकतो, म्हणून मध्ये ठरावीक अंतर लागतं), सायक्लोफॉस्फामाइड आजवर एकूण किती ग्रॅम झालं, आणि स्टेरॉइडचा डोस शेवटचा कधी बदलला. डिस्चार्ज कार्डं आणि डे-केअरची बिलं चाळून ही उत्तरं काढता येतात.

स्कॅनचा नुसता रिपोर्ट पुरत नाही. सीटी अँजिओ, एमआर अँजिओ किंवा पेट-सीटीची सीडी मागून घ्या आणि पेन ड्राइव्हवर तिची प्रत करा. किडनीची किंवा नाकातली बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक कोणत्या लॅबमध्ये आहेत ते विचारा. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवण्यासाठी ते मिळू शकतात. टाकायासूच्या रुग्णांनी दोन्ही हातांचं बीपी वेगवेगळं नोंदवून ठेवावं, कारण एका हाताची नाडी लागत नसेल तर त्या हातावरचं बीपी खरं नसतं.

आपल्याकडे एक गोष्ट जास्तीची लागते: टीबीचा इतिहास. जीपीएमध्ये फुप्फुसात गाठी आणि पोकळ्या होतात, त्या एक्स-रेवर टीबीसारख्या दिसतात, आणि निदानापूर्वी एकेटी (टीबीची औषधं) घेतलेले कितीतरी रुग्ण आपल्याकडे भेटतात. एकेटी कधी सुरू केली, कधी संपवली, थुंकीत जंतू सापडले होते की नाही, हे स्पष्ट लिहा. लपवू नका. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिल्यावर शरीरात दडलेला टीबी उठू शकतो, म्हणून स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे प्रवेशाआधीच्या तपासणीत, टीबी, हिपॅटायटिस बी व सी आणि एचआयव्ही तपासलंच जातं. तो तुमच्यावरचा संशय नव्हे, तुमचं संरक्षण आहे.

भारतात शोध: सीटीआरआय

भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया. पत्ता: सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन. जुलै २००७ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) आधाराने ती सुरू झाली, १५ जून २००९ पासून नियमनाखालच्या ट्रायल्सची नोंद सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत आणि खातंही उघडावं लागत नाही.

शोध रोमन लिपीत टाकावा लागतो. आजाराचं स्पेलिंग डिस्चार्ज कार्डावरून जसंच्या तसं उतरवा. आधी पूर्ण नाव टाका, मग फक्त पहिला शब्द, मग जुनं नाव. शेवटी ‘व्हॅस्क्युलायटिस’ आणि ‘अँका’ असे मोकळे शब्दही टाकून पाहा, कारण नोंदणाऱ्याने काय लिहिलं असेल याचा नेम नाही.

उघडलेली नोंद लांबलचक असते. ती वरपासून वाचत बसू नका. प्रथम भरतीची स्थिती पाहा: सुरू व्हायची आहे, सुरू आहे, बंद झाली की पूर्ण झाली. जगाची आणि भारताची स्थिती वेगवेगळी दिलेली असते. तुम्हाला भारताची हवी. मग केंद्रांची यादी, म्हणजे कोणतं शहर, कोणतं रुग्णालय. मग एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांच्या हिताची राखण करणाऱ्या समितीची, मंजुरी. मग औषध नवं असेल तर ड्रग्ज कंट्रोलरची परवानगी. आणि मग पात्रतेच्या अटी. स्थितीची माहिती कधीकधी जुनी राहून जाते, तेव्हा ‘बंद’ दिसलं तरी एक फोन करायला हरकत नाही.

यादीत सगळंच नव्या औषधाचं नसेल. कुठे नुसतं निरीक्षण असेल, म्हणजे तुमचा चालू उपचार तसाच ठेवून रक्ताचे नमुने आणि नोंदी घेणं. असा अभ्यास कमी लेखू नका. टाकायासूची सक्रियता मोजायला वापरला जाणारा आयटास २०१० हा गुणांक भारतीय संधिवाततज्ज्ञांच्या गटाने इथल्याच रुग्णांच्या नोंदींवरून तयार केला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाल्यावर तो देशाबाहेरही वापरात आला. टाकायासू आशियात तुलनेने जास्त, आपल्याकडे तरुण मुलींमध्ये जास्त. त्याबद्दलचं ज्ञान आपल्याच रुग्णांकडून यायचं आहे.

एक खबरदारी. सीटीआरआयमध्ये नोंद आहे याचा अर्थ सरकारने उपचाराची हमी दिली असा होत नाही. नोंद म्हणजे फक्त नोंद. ‘आमची ट्रायल सरकारी रजिस्ट्रीत आहे’ असं म्हणत कुणी स्टेम सेलच्या इंजेक्शनसाठी लाखांत पैसे मागत असेल तर उठून बाहेर या. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की नेहमीच्या उपचारापलीकडचा, संशोधनासाठी होणारा खर्च सहभागी व्यक्तीकडून घ्यायचा नाही.

संगणकाइतकाच कामाचा मार्ग म्हणजे माणसं. व्हॅस्क्युलायटिसचा मोठा अनुभव काही ठरावीक विभागांकडे साठलेला आहे: वेल्लोरचं सीएमसी, लखनौचं एसजीपीजीआय, चंदीगडचं पीजीआय (तिथला बालरोग विभाग कावासाकीसाठी ओळखला जातो), दिल्लीचं एम्स. महाराष्ट्रात तुमच्या संधिवाततज्ज्ञाला, म्हणजे र्‍हुमॅटॉलॉजिस्टला, विचारा. त्यांचे सहाध्यायी या विभागांत असतात आणि एका मेसेजवर कळतं की भरती सुरू आहे का. अँका आजारात किडनीचे डॉक्टरही विचारण्याजोगे. ‘दुसरीकडे चौकशी केली तर डॉक्टर रागावतील’ ही भीती आपल्याकडे फार. चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट पत्र लिहून देतो.

देशाबाहेरच्या नोंदवह्या

क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची नोंदवही २००० सालापासून चालू आहे. अनेक देशांत एकाच वेळी चालणाऱ्या कंपन्यांच्या ट्रायल्स इथे सापडतात. आजाराचं नाव टाका, देशाच्या रकान्यात भारत निवडा, आणि फक्त भरती चालू असलेल्या मागा. प्रत्येक ट्रायलला एनसीटी आणि त्यापुढे आठ अंकी क्रमांक असतो. तो लिहून घ्या, डॉक्टरांशी बोलताना तोच कामी येतो. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीटीआरपी हे पोर्टल निरनिराळ्या देशांच्या नोंदवह्या एकत्र शोधतं.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी व्हीसीआरसी, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस क्लिनिकल रिसर्च कन्सॉर्टियम, पाहावं. त्यांच्या संपर्क नोंदणीत नाव घातलं की तुमच्या प्रकाराचा अभ्यास सुरू झाल्यावर कळवलं जातं. व्हॅस्क्युलायटिस फाउंडेशन ही रुग्णांची संस्था १९८६ पासून काम करते. ब्रिटनमध्ये एनआयएचआर या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं ‘बी पार्ट ऑफ रिसर्च’ आणि रुग्णांची व्हॅस्क्युलायटिस यूके. युरोपीय संघात सीटीआयएस ही नोंदवही.

भारतातून परदेशी ट्रायलसाठी जावं का? माझं मत नको असं आहे. भेटी दर दोन-चार आठवड्यांनी, कधी वर्षभर. व्हिसा आणि राहणं बहुधा तुमच्या गळ्यात. आणि मध्येच आजार उसळला तर तिथल्या रुग्णालयाचं बिल. त्याच ट्रायलचं केंद्र भारतात आहे का किंवा होणार आहे का, हे विचारणारी ईमेल मात्र जरूर पाठवा.

पात्रतेच्या अटी कशा वाचायच्या

अटींचे दोन भाग असतात: आत घेण्याच्या आणि बाहेर ठेवण्याच्या. दुसरा भाग आधी वाचा, वेळ वाचतो.

या अटी कुणाला हाकलण्यासाठी नसतात, हे एका जोडीवरून कळेल. अँका व्हॅस्क्युलायटिसमध्ये रिटुक्सिमॅब हे सायक्लोफॉस्फामाइडच्या तोडीचं आहे हे दाखवणाऱ्या २०१० च्या रेव्ह ट्रायलमध्ये १९७ रुग्ण होते; पण आजारामुळे क्रिएटिनिन (किडनी बिघडल्यावर रक्तात वाढणारा घटक) ४ च्या वर गेलेल्यांना त्यात घेतलं नव्हतं. पेक्झिव्हासने उलट किडनी किंवा फुप्फुसावर जोरदार आघात झालेलेच घेतले. प्रश्न वेगळा, म्हणून माणसं वेगळी. एका ट्रायलने नाकारलं तर तुमच्यात काही कमी आहे असं नाही. तिच्या प्रश्नात तुम्ही बसत नाही एवढंच.

बहुतेक अडचणी ठरावीक जागी येतात. आजार ‘सक्रिय’ हवा की ‘शांत’ हवा? बीव्हास किंवा आयटास हा सक्रियतेचा गुणांक किती हवा? ईजीएफआर (किडनीच्या कामाचं माप) किमान किती? आधी कोणती औषधं घेतलेली नकोत? गरोदर नको, स्तनपान नको, आणि ट्रायल चालू असताना व नंतर काही महिने भरवशाचं गर्भनिरोधन हवं.

ही शेवटची अट टाकायासूच्या रुग्णांना सर्वांत जड जाते, कारण आजार नेमका लग्नाच्या आणि मुलांच्या वयात येतो. घरातल्यांशी, नवऱ्याशी हे बोलणं ट्रायलच्या आधी व्हायला हवं. वर्षभरात बाळाचा विचार असेल तर ही ट्रायल तुमच्यासाठी नाही, आणि तसं म्हणण्यात काही वावगं नाही. मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फामाइड ही नेहमीची औषधंसुद्धा गर्भाला घातक आहेत, तेव्हा हा संवाद तसाही टाळता येणारा नाही.

दुर्मीळ आजारात ट्रायल्स लहान असतात. टाकायासूवर टोसिलिझुमॅब तपासणाऱ्या जपानच्या टाक्ट ट्रायलमध्ये ३६ रुग्ण होते. मुख्य मोजमापात फरक थोडक्यात हुकला, तरी कल बघून जपानने २०१७ मध्ये त्या औषधाला या आजारासाठी मान्यता दिली. आणखी थोडे रुग्ण असते तर उत्तर स्वच्छ मिळालं असतं. एकेक माणूस इथे किती मोलाचा आहे, ते यावरून दिसतं.

पहिला फोन

नोंदीत संपर्कासाठी नाव आणि नंबर असतो. फोन उचलणारा बहुधा समन्वयक असतो आणि घाईत असतो. गोष्ट सांगू नका, मुद्दे सांगा. असं काहीसं:

‘नमस्कार. माझं वय ३१. टाकायासू आर्टेरायटिसचं निदान २०२२ मध्ये सीटी अँजिओवर झालं. सध्या प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम आणि मेथोट्रेक्सेट आठवड्याला १५ मिलिग्रॅम चालू आहे, तीन महिन्यांत डोस बदललेला नाही. टीबी झालेला नाही. मी साताऱ्यात राहते. तुमच्या या क्रमांकाच्या ट्रायलमध्ये भरती चालू आहे का, आणि सर्वांत जवळचं केंद्र कोणतं?’

हेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतं. पण अख्खी फाइल, आधार कार्ड वगैरे पहिल्याच दिवशी कुणाला पाठवू नका. आणि आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवा. ट्रायल संपल्यावर तुम्ही त्यांच्याकडेच परतणार आहात.

संमतीपत्र

इथे मी रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडे सही सर्वांत घाईत इथेच होते. ‘डॉक्टरसाहेब सांगतायत ना, मग करून टाक’ असं म्हणत नातेवाईक पेन पुढे करतात.

भारतातल्या ट्रायल्सना नवी औषधं व क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९ लागू आहेत. त्यानुसार माहितीपत्रक आणि संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवं. मराठी प्रत मागा. मराठी फार पुस्तकी असेल तर प्रत्येक परिच्छेद बोलीत समजावून घ्या. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. एक प्रत तुम्हाला द्यावीच लागते. ती घरी न्या, दोन दिवस ठेवा, घरातल्या सर्वांत शंकेखोर माणसाला वाचायला द्या.

फॉर्ममध्ये व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारतात. हे पाहून बरेच जण घाबरतात, ‘म्हणजे मरण्याची शक्यता आहे की काय’. दुर्घटना झाल्यास भरपाई कुणाला द्यायची हे आधी ठरलेलं असावं, म्हणून हा रकाना सगळ्यांच्याच फॉर्मवर असतो.

आता खरे प्रश्न. मला प्लासिबो (औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं) मिळू शकतो का? व्हॅस्क्युलायटिसमध्ये सहसा कुणालाही नुसत्या प्लासिबोवर सोडत नाहीत. स्टेरॉइड किंवा चालू उपचार असतोच आणि त्याच्या जोडीला नवं औषध किंवा प्लासिबो. जायंट सेल आर्टेरायटिसवरच्या २०१७ च्या जियाक्टा ट्रायलमध्ये २५१ रुग्ण होते आणि प्लासिबो गटातल्यांनाही प्रेडनिसोन मिळत होतं, उतरत्या डोसने. म्हणून असं विचारा: प्लासिबोच्या गटात गेलो तर मला काय मिळेल, किती दिवस, आणि आजार उसळला तर कोणत्या टप्प्याला कोणता उपचार देणार? या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर सही करू नका. तुम्ही कोणत्या गटात जाल हे संगणक ठरवतो. डॉक्टरांची ओळख काढून ते बदलत नाही.

पैशांबद्दल लाजू नका. औषध, तपासण्या, स्कॅन कोण भरणार? प्रवासखर्च मिळतो का, सोबत येणाऱ्याचाही मिळतो का, रोख की खात्यात? चंद्रपूरहून मुंबईला दर महिन्याला यायचं तर रोजंदारी बुडते, तीही सांगा. तुमच्या आरोग्य विम्यावर परिणाम होतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

इजा झाली तर? ट्रायलदरम्यान इजा झाल्यास उपचार मोफत द्यावे लागतात, गरज असेपर्यंत किंवा ती इजा ट्रायलमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत. इजा ट्रायलशी निगडित ठरली तर वेगळी आर्थिक भरपाई मिळते. मृत्यूच्या बाबतीत ८ लाख ही आधाररक्कम धरून वय आणि जोखीम यांच्या गुणकांनी ती काढतात. आईवडिलांपैकी कुणी सहभागी असल्यामुळे गर्भातल्या बाळाला झालेली इजाही त्यात येते. हे सगळं माहितीपत्रकात असायला हवं, आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबरही. या कमिटीत किमान सात सदस्य असतात. त्यांत कायदा जाणणारा, सामान्य नागरिक आणि किमान एक महिला असणं बंधनकारक आहे. शंका असेल तर त्या नंबरवर बोलण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि डॉक्टरांची परवानगी त्यासाठी लागत नाही.

रुग्ण लहान असेल तर सही पालकांची, पण सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारली जाते. त्याला खरंच विचारा. किती सुया टोचणार हे मुलांना आधी कळलेलं बरं.

आत गेल्यावर

सही म्हणजे प्रवेश नव्हे. त्यानंतर स्क्रीनिंग: रक्त, लघवी, एक्स-रे, ईसीजी, स्कॅन. इथे काही जण बाद होतात. म्हणून सुट्टी, घर, नोकरी यांचे मोठे निर्णय स्क्रीनिंगचा निकाल येईपर्यंत घेऊ नका.

आत आल्यावर कार्ड देतील, त्यावर ट्रायलचं नाव आणि चोवीस तासांचा नंबर असतो. ते पाकिटात ठेवा, एक फोटो घरच्यांच्या मोबाइलमध्ये. गावच्या दवाखान्यात रात्री जावं लागलं तर ते कार्ड पुढे करा. काही ट्रायल्समध्ये तुम्हाला औषध मिळतंय की प्लासिबो हे झाकून ठेवतात, पण खरी गरज पडली तर ते उघड करण्याची सोय प्रत्येक अशा ट्रायलमध्ये ठेवलेली असते.

काढे, भस्मं, कुणी आणून दिलेल्या पुड्या, मेडिकलमधून घेतलेली वेदनाशामकं, सगळं सांगा. लसीसुद्धा विचारून घ्या, विशेषतः जिवंत विषाणूंच्या. ताप हा किरकोळ समजू नका.

ट्रायल केव्हाही, कारण न देता सोडता येते आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. पण सोडताना कळवून सोडा. रागाच्या भरात स्टेरॉइड एकदम थांबवलं तर शरीराला स्वतःचं संप्रेरक लगेच बनवता येत नाही आणि जिवावर बेतू शकतं.

संपल्यावर औषध पुढे मिळेल का, हे सुरुवातीलाच विचारून ठेवा. २०१९ च्या नियमांत तशी वाट आहे: नव्या औषधाचा तुम्हाला फायदा झाला असेल, दुसरा पर्याय नसेल, संशोधक डॉक्टरांनी शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने मान्य केलं, तर तुमची लेखी संमती घेऊन ते मोफत देता येतं. आपोआप मिळत नाही. निष्कर्ष कळवणार का, तेही विचारा. तुमच्या रक्तातून आलेलं उत्तर तुम्हाला कळायलाच हवं.

ट्रायल सापडलीच नाही तर

बऱ्याचदा असं होतं. तेव्हा रुग्णालयाच्या व्हॅस्क्युलायटिस नोंदणीत नाव घालता येतं का पाहा. नवी ट्रायल आली की पहिली यादी तिथूनच निघते. दर तीन महिन्यांनी तोच शोध पुन्हा करा आणि त्यासाठी मोबाइलमध्ये आठवण लावा. औषधांचं पान प्रत्येक भेटीनंतर ताजं करा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांना सांगून ठेवा: माझी फाइल तयार आहे, काही निघालं तर मला कळवा.